मदत हवी आहे: आईबाबांना न्यू मेक्सिकोतली खेडी दाखवायची आहेत (अल्बुकर्की ते टाओस, ३ दिवस)

नमस्कार मंडळी,

आईबाबा सध्या आमच्याकडे डॅलसला आलेत. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं. परवा बाबा म्हणाले, "उंच इमारती बघून मान दुखायला लागली. इथं खेडी नसतात का रे?" बाबा सांगोल्याकडचे, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात वाढलेले. म्हणून न्यू मेक्सिको सुचलं: मातीची घरं, उघडं माळरान, लांबवर डोंगर.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ठरवलाय. विमानानं अल्बुकर्की, पुढे भाड्याची गाडी. पहिल्या दिवशी हमरस्ता सोडून १४ नंबरच्या रस्त्यानं, म्हणजे टर्कॉइज ट्रेलनं, गोल्डन, मॅड्रिड, सेरीयोस करत सांता फे. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या 'हाय रोड'नं चिमायो, त्रुचास, लास त्राम्पास आणि टाओसला मुक्काम. तिसऱ्या दिवशी रिओ ग्रांदेच्या काठच्या खालच्या रस्त्यानं परत.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे, आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंही खात नाही. उंची झेपेल का? सँडिया क्रेस्टला, म्हणजे तिथल्या डोंगरमाथ्यावर, गाडी थेट वर जाते म्हणतात, तेही वाटेत उरकू का? आणि खायचं काय? बायको म्हणते, सरळ दशम्या बांधून घ्या.

माळावरचा:
मी अल्बुकर्कीतच राहतो. इथलं विमानतळच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर आहे. सांता फे ७,००० फूट, त्रुचास ८,००० च्या आसपास. सँडिया क्रेस्ट १०,६७८! पहिल्याच दिवशी आईबाबांना तिथं चढवू नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि तहान नसली तरी पाणी पाजत राहा, हवा फार कोरडी आहे.

तिसरा आठवडा उत्तम. त्याआधी इथं गरम हवेच्या बलूनचा मेळा असतो, हॉटेलं महाग होतात. शिवाय तोवर नदीकाठची कॉटनवुडची झाडं पिवळीधमक होतात.

मॅड्रिडला 'माद्रिद' म्हणालात तर लोक हसतील, जोर 'मॅ'वर द्यायचा. कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या तेव्हा, १९५४ साली, अख्खं गाव अडीच लाख डॉलरला विकायला काढलं होतं आणि गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. पुढे सत्तरच्या दशकात कलाकार येऊन खाणकामगारांच्या लाकडी घरांत राहिले. आता ओळीनं दुकानं आहेत, तासभर पुरे. मला स्वतःला सेरीयोस जास्त आवडतं. रस्ते अजून कच्चे, गर्दी नाही. तिथल्या टेकड्यांतून फिरोजा खडे काढायचं काम स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासूनचं.

चटणीभाकर:
दशम्या न्याच, वहिनींचं ऐका. इथं शिजवलेल्या घेवड्यात बऱ्याचदा लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते. हिरव्या मिरचीच्या रश्शातही मांस असू शकतं. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, लाज बाळगायची नाही. सोपापिया मात्र आईंना आवडेल: पुरीसारखी टम्म फुगते, मध लावून खायची. तिचंही पीठ कशात मळलंय ते विचारा. "रेड ऑर ग्रीन?" असं विचारलं तर ते मिरचीबद्दल असतं. दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं.

गावंढळ:
हाय रोड वळणांचा आहे, पण गाडी आरामात जाते. थांबत गेलात तर अख्खा दिवस धरा. पेट्रोल आधीच भरून घ्या. चिमायोच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाजूच्या खोलीत जमिनीत एक छोटा खळगा आहे. तिथली माती लोक अंगाऱ्यासारखी घरी नेतात. बऱ्या झालेल्यांनी ठेवलेल्या कुबड्याही तिथं दिसतील.

टाओस प्वेब्लोला, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जुन्या मातीच्या वस्तीला, जाण्याआधी चालू आहे का ते बघा, धार्मिक विधींच्या दिवशी बाहेरच्यांना बंद असतं. लोक आजही राहतात तिथं, विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नका. रांचोस दे टाओसच्या चर्चमागे मात्र बाबांना निवांत बसू द्या. त्या जाडजूड भिंतींना गावकरी दरवर्षी जमून माती आणि काडाचा गिलावा करतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. क्रेस्ट रद्द, दशम्या पक्क्या. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांचा एकच प्रश्न आहे: छपरं कशाची, आणि पावसात गळतात का?

माळावरचा:
जुनी छपरं म्हणजे लाकडी वासे, त्यावर किलचण, म्हणजे बारीक काटक्यांचा थर, आणि वर माती. पाणी जायला लाकडी पन्हळ. आणि हो, गळतात!