कारवीचा लेटरबॉक्स: संकेत तपासून हवे आहेत

रानवाट:
सह्याद्रीतल्या एका वाटेवर कारवीचा लेटरबॉक्स ठेवायचा आहे, म्हणजे संकेत वाचून शोधायचा लपवलेला डबा; आत वही आणि कोरलेला शिक्का, शोधणाऱ्याने त्याचा ठसा घ्यायचा. जागामालकाची परवानगी आहे. मसुदा असा: ‘खिंडीतल्या देवळाकडे पाठ करून ६० पावलं चाला. कारवीच्या तिसऱ्या झुडपापासून १२० अंशांवर ४० पावलं. दोन दगडांच्या फटीत डबा.’ कुठे गफलत होईल? आणि शिक्क्यावर फूल कोरावं की पान?

होकायंत्र:
आधी ते झुडूप काढा. कारवी सात वर्षांनी फुलते आणि बोंडं धरली की वाळून जाते. मग नवी रोपं दाटीने उगवतात, त्यात ‘तिसरं’ कुठून मोजणार? खूण दगडाचीच हवी, कातळातली पायरी किंवा कोरीव टाकं. दूरचा सुळकाही नको, फुलोऱ्याच्या दिवसांत तो धुक्यात असतो.

४० पावलांवर पाच अंश चुकले तर माणूस साडेतीन पावलं बाजूला जातो, म्हणून मध्ये २० पावलांवर एक पक्की खूण द्या. पाऊल एका पायाचं की दोन्ही मिळून, हेही लिहा. नाहीतर अंतर थेट दुप्पट होतं. मोबाइलच्या चुंबकी कव्हरने अंश भलतेच दाखवले जातात, तेवढं संकेतातच बजावा.

पानोळा:
कारवी संकेतात हवीच, पण आकडा म्हणून! ‘कारवी जितक्या वर्षांनी फुलते त्याच्या तिप्पट पावलं’, म्हणजे २१. झुडूप वाळलं तरी उत्तर तेच राहतं, आणि शोधणारा झाड वाचून येतो.

शिक्क्याला पान घ्या. फुलाची ओळख जांभळ्या-निळ्या रंगात आहे, एकरंगी ठशात ती हरवते. पानाची दातेरी कड आणि ठसठशीत शिरा लगेच कळतात. मात्र सगळ्या शिरा कोरू नका. खोडरबरावर १ मिमीपेक्षा बारीक रेषा तुटते. पातं रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो. ती खालून पोखरली गेली की दाबताना लवते आणि ठसा फाटका उमटतो. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढून कागद पालथा दाबलात, तर चित्र आपोआप उलटं उतरतं. नाव कोरणार असाल तर हे विसरून चालणार नाही.

डबाबंद:
फट जमिनीलगत नको, पावसात तिथून पाणी वाहतं. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवा. झाकणाच्या रबरात पिशवीचा कोपरा अडकला तर घट्ट झाकणातूनही पाणी शिरतं. शाईचा पॅड डब्यात सुकतो. ‘आपला पॅड आणा’ असं लिहा. शेवटच्या ओळीत हेही हवं: फटीत हात घालण्याआधी काठीने चाचपा, विंचू असू शकतो.