किनाऱ्यावरच्या नगरपरिषदेत देखभालीचं काम : सोलापूरच्या माणसानं काय नव्यानं शिकावं?

होटगीरोड_वायरमन :
नमस्कार मंडळी. सोलापुरात ठेकेदारामार्फत महापालिकेच्या झोनच्या कामांवर आहे. स्ट्रीटलाइट, बागेतले पंप, सार्वजनिक शौचालयांचं प्लंबिंग, जोडीला थोडं वेल्डिंग आणि रंगकाम. दिवाळीनंतर मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला एका छोट्या नगरपरिषदेत वर्षाच्या कंत्राटावर जायचंय. तिथं विद्युत वेगळं, ड्रेनेज वेगळं, उद्यान वेगळं असा प्रकार नाही. चार-पाच माणसं आणि एक टेम्पो, त्यातच सगळं : किनाऱ्यावरचे दिवे, रेलिंग, बाकडी, पाय धुवायचे नळ, शौचालयं, गटारांची तोंडं, विहिरीवरचा पंप.

आपल्याकडं ऊन, धूळ, काळी माती आणि पाण्यातला क्षार सांभाळला की भागतं. तिकडं काय वेगळं? इथून कुठलं सामान नेऊ, कुठलं नेऊ नको? गटाराचं काम भरती-ओहोटी बघून करतात म्हणे, ते नेमकं कसं? किस्से नकोत, माप आणि साहित्य सांगा.

जुना_फिटर :
मालक, तिकडं लोखंडाला पावसापेक्षा मीठ जास्त खातं. पाऊस पडतो तो भाग धुऊन तरी निघतो. जिथं पाऊस पोचत नाही तिथं मीठ साचून राहतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून तपासणी खालून करायची : बाकड्याची खालची बाजू, रेलिंगच्या आडव्या पाइपचं पोट, शेडच्या पत्र्याची आतली बाजू, दिव्याच्या क्लॅम्पचा मागचा भाग. वरून रंग ठीक दिसतो आणि खाली पापुद्रे सुटलेले असतात. सगळ्यात स्वस्त देखभाल म्हणजे ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यानं धुणं. साधा होज पुरतो. प्रेशर वॉशर दिव्यांच्या आणि ग्लँडच्या (केबल आत घ्यायच्या बुचाच्या) तोंडावर मारू नका, पाणी आत जातं.

सामान : बाजारात मिळणारे चकचकीत झिंकचे नट-बोल्ट नेऊ नका. त्यावर जस्ताचा थर जेमतेम ५ ते १२ मायक्रॉन असतो. हॉट डिप गॅल्व्हनाइझ केलेल्या (वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या) ५ मिमी किंवा जास्त जाडीच्या पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त लागतं, म्हणजे साधारण ८५ मायक्रॉन. बोल्टवर थर त्याहून कमी असतो, तरी झिंकवाल्याच्या कितीतरी पट. हॉट डिपच्या बोल्टला नटाचे आटे जरा मोकळे काढलेले असतात, म्हणून नट-बोल्ट जोडीनंच घ्या. सुटा नट बसणार नाही.

स्टीलचं म्हणाल, तर दुकानदार ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून स्वस्तातला २०२ ग्रेड हातात देतो. लोहचुंबकानं तो फरक कळत नाही. ३०४ असलं तरी समुद्राच्या तोंडावर त्याला तपकिरी डाग धरतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. मॉलिब्डेनम टेस्टचा थेंब टाकून तपासता येतं, बाटली टूलबॉक्समध्ये ठेवा. एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर इम्पॅक्ट मशीननं फिरवलात की आटे एकमेकांत धरतात आणि कापल्याशिवाय सुटत नाहीत. अँटी-सीझ पेस्ट लावून हातानं, सावकाश आवळा.

अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत एसएसचा स्क्रू थेट लावला तर खारी ओल मिळून स्क्रूच्या भोवती पांढरी पूड होते आणि अ‍ॅल्युमिनियम संपतं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बुश पाहिजेच.

वेल्डिंग : जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपला वेल्ड मारायच्या आधी दोन्ही बाजूंचं दीड-दोन इंच जस्त घासून काढा. त्याचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्ड झालं की स्लॅग साफ करून झिंक-रिच पेंटचे दोन हात. पोकळ रेलिंगमध्ये एखादं पिनहोल राहिलं की खारी हवा आत जाते आणि पाइप आतून सडतो, बाहेर काही दिसत नाही. एक तर पूर्ण बंद करा, नाहीतर सगळ्यात खालच्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडा. अर्धवट बंद सगळ्यात वाईट.

किनारपट्टी_स्थापत्य :
वरचं बहुतेक बरोबर, पण ३१६ सगळीकडं लावायला क वर्ग नगरपरिषदेचं बजेट पुरत नाही. ते अँकर बोल्ट, बिजागरीच्या पिना आणि दिव्यांच्या क्लॅम्पपुरतं ठेवा. बाकी जिथं जमेल तिथं धातूच टाळा : नळ पीटीएमटीचे (प्लास्टिकचे), चेंबरची झाकणं एफआरपीची आणि जंक्शन बॉक्स एसएमसीचे (दोन्ही फायबरचे प्रकार).

रंगाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सोलापुरातली पद्धत तिकडं हमखास फसते. रेड ऑक्साइड आणि वरून एनॅमल हे दोन पावसाळेही धड काढत नाही. एपॉक्सी झिंक-रिच प्रायमर ५० ते ७५ मायक्रॉन, मग एपॉक्सी एमआयओ (अभ्रकासारख्या लोह ऑक्साइडचा मधला थर) १०० ते १२५, वरून पॉलियुरेथेन ५०. एकूण सव्वादोनशेच्या आसपास. कड, वेल्ड आणि बोल्टच्या डोक्यांवर आधी ब्रशनं एक पट्टा जादा मारा, रोलरनं तिथं थर पातळ बसतो.

आणि घासण्याच्या आधी धुवा. गंजलेलं लोखंड नुसतं सँडपेपरनं घासलं तर मीठ खड्ड्यांतच राहतं आणि सहा महिन्यांत रंगाखाली फोड येतात. धुणं, वाळवणं, घासणं, परत धुणं, वाळवणं, मग प्रायमर. दोन हातांमध्ये रात्र गेली तर सकाळी पुन्हा गोड्या पाण्याचं फडकं फिरवा.

वेळही बघावी लागते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त नसेल, तर रंग लावू नये. सकाळी दव असतं, दुपारनंतर समुद्रावरचं वारं मीठ घेऊन येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण साडेनऊ ते एक-दीड ही कामाची वेळ. टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) रंग तेवढ्यात संपेल इतकाच कालवा. उन्हात डब्यातच घट्ट व्हायला लागला तर थिनर ओतून वाचवू नका, टाकून द्या.

काँक्रीट : बाकड्याचे पाय, जेट्टीकडचे खांब, टाकीचे स्तंभ यांत लांबीच्या दिशेनं चीर दिसली की आत सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं. वरून सिमेंट थापून काही होत नाही. सळईच्या मागं २० ते २५ मिमीपर्यंत फोडून चांगलं काँक्रीट लागेपर्यंत जायचं, सळई ब्रशनं घासून चकचकीत करायची, धुवायची, झिंक प्रायमर, बाँडिंग कोट, मग पॉलिमर मॉर्टर. फक्त फुटलेल्या जागेपुरतं केलं तर शेजारी नवी चीर येते, कारण मीठ तिथंही पोचलेलं असतं. म्हणून सळईवर गंज दिसणं बंद होईपर्यंत दोन्हीकडं फोडत जा. नवीन काम असेल तर आयएस ४५६ प्रमाणं किनाऱ्याच्या हवेत किमान एम ३० ग्रेडचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी कव्हर, समुद्राचे तुषार लागत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. किनाऱ्यावरची वाळू भरायलासुद्धा वापरू नका. मीठ तर आहेच, वर सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांची) भानगड.

होटगीरोड_वायरमन :
लई उपयोगी, साहेब. गटाराच्या तोंडाचं कुणी सांगेल का? आपल्याकडं मोठा पाऊस सप्टेंबरात, तोवर नालेसफाई ढकलता येते. तिकडं तसं चालणार नाही असं दिसतंय.

रापण :
चालणारच नाही. इकडं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस एकदम बसतो.

भरतीचं गणित : पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, त्या तासाला पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. दिवसा आणि रात्रीही. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. हा अंदाज आहे, गावागणिक तासाभराचा फरक पडतो, दक्षिणेकडं भरती थोडी लवकर. कामाच्या दिवशी टाइड टेबल बघाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण : पाणी वरही जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फरक कमी. तोंड पूर्ण उघडं पडायला हवं असेल तर उधाणाची ओहोटी निवडा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि नंतर तासाभरात अवजारांसकट वर यायचं.

उपसा समुद्राकडून गावाकडं करत या. उलटं केलंत तर अडलेलं पाणी सुटून अंगावर येतं आणि गाळ पुन्हा तोंडात बसतो. स्वच्छ वाळू किनाऱ्यावर पसरायला हरकत नाही, काळा गाळ आणि प्लास्टिक टेम्पोत. एप्रिलमध्ये एकदा साफ करून निश्चिंत बसू नका. मेअखेरच्या लाटा आणि वारा तोंड परत बुजवतात, दुसरा हात मेच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा.

गटाराच्या तोंडाला फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारी, समुद्राचं आत न घेणारी झडप) असेल तर तीन गोष्टी बघायच्या : झडप हातानं सहज उचलली जाते का, बसायच्या कडेवर शिंपले धरलेत का, बिजागरीची पिन झिजली का. कडेत नारळाची एक करवंटी अडकली तरी भरतीचं पाणी उलटं आत येतं आणि लोक म्हणतात गटार तुंबलं. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की झडप बंदच राहणार, पाणी तुंबणारच. तेव्हा ती काठीनं उघडायला कुणी जाऊ नये, समुद्र आत घ्याल. पाणी उतरायची वाट बघायची.

आणखी एक : बाकड्यांवरच्या माडांचे सुके झाप आणि पिकलेले नारळ दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या आधी उतरवून घ्या. चढणारा माणूस आयत्या वेळी मिळत नाही.

टीसीएल_वाले_काका :
शौचालय आणि पाणी यावर. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत जी शौचालयं सांभाळलीत तो अनुभव गर्दीपुरता कामी येईल, पण तिथं वाळू नसते. पर्यटक पायाला लावून आणतो ती वाळू ट्रॅपमध्ये (पाइपच्या पाणी धरणाऱ्या बाकात) बसते, आणि वाळू पाण्यानं ढकलून पुढं जात नाही. पाय धुवायचा नळ शौचालयाच्या बाहेर, दाराच्या आधी हवा. त्याच्याखाली साधारण दोन फूट बाय दोन फुटाचा चेंबर, बाहेर जाणारा पाइप तळापासून किमान एक फूट वर. हंगामात तो चेंबर रोज उपसायचा. नळ दाबून सोडायचाच लावा, फिरवायचा नळ वाळूनं वॉशर खातो.

सेप्टिक टाकी हंगामाआधी उपसून घ्या, पण पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका. भूजल वर आलेलं असतं, रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसली की लगेच पाण्यानं भरा. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या वर २ मीटर हवा आणि विहिरीपासून १८ मीटर तरी लांब. जांभ्यात भेगा असतात, म्हणून जास्त अंतर मिळालं तर घ्या. टाकीत माणूस उतरवायचा नाही, कुणीही सांगितलं तरी. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि आतला वायू आवाज न करता मारतो. शौचालय धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीच नको, क्लोरीन सुटतो. अ‍ॅसिडचे शिंतोडे एसएसच्या नळावर पडले तर तोही खड्डे पडून जातो.

विहिरीचा डोस : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, म्हणजे घनमीटर. ३ मीटर व्यास, ४ मीटर पाणी, तर सुमारे २८ हजार लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर (टीसीएल) हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. पण तिकडच्या दमट हवेत पोतं उघडं राहिलं तर पावडरीचा जोर पटकन उतरतो, मग तेवढ्याच पाण्याला शंभर ग्रॅमही लागू शकतात. बंद डब्यात ठेवा आणि अर्ध्या तासानं क्लोरीन तपासूनच नळ सोडा, शेवटच्या नळाला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम तरी दिसला पाहिजे. पावडर बादलीत कालवून निवळू द्या, वरचं पाणीच विहिरीत ओता, चुन्याचा साका नको.

मे महिन्यात पाणी कमी झालं की पंप आणखी खाली सोडायचा मोह होतो. सोडू नका. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि गोड्याची पातळी १ मीटर उतरली की सिद्धांतानं खालची खारी सीमा ४० मीटर वर सरकते. थोडा वेळ चालवा, विसावा द्या, रोज टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) बघा. आकडा चढायला लागला की उपसा कमी करा. विहीर खारी झाली तर पावसाळ्याशिवाय सुधारत नाही.

होटगीरोड_वायरमन :
काका, वहीत उतरवून घेतलं. दिव्यांचं राहिलं. माझं मूळ काम तेच.

जुना_फिटर :
फिटिंग आयपी ६६ (धूळ आणि पाण्याचा मारा आत न घेणारं), आत १० केव्हीचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा). केबल बॉक्समध्ये खालूनच घ्या आणि ग्लँडच्या आधी तिला खाली झोल द्या, म्हणजे ओघळ तिथूनच टपकतो. वापरात नसलेलं भोक प्लगनं बंद, नाहीतर मुंग्या आणि पाली. अ‍ॅल्युमिनियम केबल तांब्याच्या टर्मिनलला लावायची तर बायमेटलिक लग (दोन धातूंचं जोडटोक) आणि पेस्ट. सगळ्या खांबांना मिळून एकच आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ठेवलीत तर पहिल्याच पावसात अख्खा किनारा काळोखात जातो. खांबागणिक छोटी एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी शौचालय, पंप आणि हाताला लागणाऱ्या दिव्यांना स्वतंत्र. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) ५०० व्होल्टचा मारण्याआधी दिव्याचा ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवा, नाहीतर रीडिंग खोटं येतं आणि ड्रायव्हरही जाऊ शकतो. रीडिंग १ मेगओहमच्या खाली असेल तर ती लाइन चालू करू नका.

खांब सडतो तो जमिनीलगतच्या एक फुटात. तिथली साचलेली वाळू बाजूला करून हातोडीनं ठोका. बोदा आवाज आला किंवा खळगा पडला तर चढू नका, शिडीही टेकवू नका. काँक्रीटची कॉलर बाहेरच्या बाजूला उतरती करा.

रापण :
दिव्यांत एक जोडतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालतात, वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पिल्लं उजेडाकडं चालतात, दिवा रस्त्याच्या बाजूला असेल तर समुद्र सोडून तिकडं जातात. वाळूवर पडणारा उजेड पत्र्याच्या आडोशानं अडवा, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावा आणि त्या लाइनचा टाइमर वेगळा ठेवा. वनविभागानं घरट्याला कुंपण केलं की कचऱ्याचा ट्रॅक्टर त्या पट्ट्यात न्यायचा नाही, हातानं वेचायचं.

होटगीरोड_वायरमन :
टाइमरची लाइन वेगळी काढायची तर फीडर पिलरमध्ये (दिव्यांच्या लाइनी निघतात त्या पेटीत) एक काँटॅक्टर (टाइमरवर चालणारा मोठा स्विच) जादा लागेल. तो आणि बायमेटलिक लग इथूनच घेऊन जातो.