मदत हवी आहे: अन्ननलिका फाटली आहे, पुण्यात दुसरं मत कुणाकडे घ्यावं?

नमस्कार मंडळी. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामांना जोराच्या उलट्यांनंतर छातीत असह्य कळ आली. सगळ्यांना हार्ट अटॅकच वाटला, पण ईसीजी नॉर्मल. मानेवर दाबलं की कातडीखाली हवा भरल्यासारखी कुरकुर जाणवत होती. ते बघून एका तरुण डॉक्टरांनी लगेच डाय प्यायला देऊन सीटी स्कॅन करायला लावला आणि अन्ननलिका खालच्या बाजूला फाटल्याचं कळलं. २४ तासांच्या आत निदान झालं तर रुग्ण वाचण्याची शक्यता बरीच वाढते, त्यामुळे त्या डॉक्टरांचे उपकार विसरता येणार नाहीत.

सध्या तोंडाने पाणीसुद्धा बंद, अँटिबायोटिक्स चालू, छातीत नळी, आणि आतड्यात घातलेल्या नळीतून फीड. गळती अजून थोडी आहे. एक डॉक्टर स्टेंट (फाटलेली जागा आतून झाकणारी जाळीची नळी) सुचवतात, दुसरे ऑपरेशन. अशा केसेस नेहमी हाताळणारे थोरॅसिक (छातीचे) किंवा गॅस्ट्रो (पोटाचे) सर्जन पुण्यात कोण आहेत? कुणाच्या घरी असा स्टेंट बसवलाय का? तो जागेवरून सरकतो म्हणतात, तुमचा अनुभव काय? नळीचं फीड घरी देताना काय काळजी घेतलीत, तेही सांगा. मामी फार घाबरल्यात. फाईल आणि सीडी तयार आहे, आज संध्याकाळीसुद्धा दाखवायला नेऊ शकतो.