डेस्कटॉपमधली धूळ कशी काढावी? ब्रश, ब्लोअर की व्हॅक्यूम?

निळीशाई:
चार वर्षांत एकदाही न उघडलेला डेस्कटॉप आहे. हल्ली जरा काम दिलं की पंखा मिक्सरसारखा घोंघावतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की प्रोसेसर ९६-९७ अंशांवर जातो आणि मशीन रखडायला लागतं. काल बाजूचं झाकण काढून टॉर्च मारला, तर आत सगळीकडे राखाडी मखमल. घाबरून झाकण परत लावून टाकलं.

घरात व्हॅक्यूम क्लीनर आहे, रंगाचा कोरा ब्रश आहे, हेअर ड्रायर आहे. यातलं काय चालेल? की सरळ दुकानात नेऊन देऊ? हाताला सवय नाही, पण स्क्रू ड्रायव्हर धरता येतो.

घिरट्या:
स्क्रू ड्रायव्हर धरता येतो ना, मग दुकान कशाला?

मशीन रीतसर बंद करा, एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचा खटका बंद करा, सगळ्या वायरी काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलासुरला चार्ज निघून जाईल. कोणती वायर कुठे होती याचे आधीच फोटो काढून ठेवा. समोरच्या बटणांच्या त्या बारीक पिना नंतर कुणालाच आठवत नाहीत.

मखमल दिसायला भयंकर असते, पण ९६ अंश तिच्यामुळे नाहीत. खरी धूळ प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पोटाशी, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर साचते आणि वरून दिसत नाही. पंखा तेवढा सोडवून बघा. खाली नमद्यासारखा थर निघेल, कधीकधी अख्खा तुकडाच चिमटीत येतो. वारा तिथेच अडतो. पंखा जीव तोडून फिरतो, पण हवा पात्यांपर्यंत पोचत नाही, आणि शेवटी प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तुमचं रखडणं बहुतेक तेच.

आणि हवा मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. भिंगरीसारखा गरगर फिरवायची गंमत वाटते, पण बेअरिंग बिघडू शकतं. शिवाय जोडलेला पंखा बाहेरून फिरवला की तो छोटा जनरेटर होतो आणि बोर्डाकडे उलटी वीज ढकलतो.

जुनाजाणता:
इतका बाऊ कशाला? मी वर्षानुवर्षं व्हॅक्यूम क्लीनरच फिरवतोय. काही होत नाही.

घिरट्या:
झालं नाही म्हणजे होत नाही असं नव्हे, दादा. धूळ प्लास्टिकच्या नळीतून घासत जाते तेव्हा तोंडाशी स्थिर वीज तयार होते. त्या झटक्याने चिप तिथल्या तिथे मरेलच असं नाही, अर्धमेली होऊन नंतर छळते. वर एखादा सुटा जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी चिमुकली टोपी) नळीत गेला की बसा पिशवी चाळत.

मधला मार्ग सांगतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सुटी करा आणि नळी बोर्डापासून हातभर लांब धरून फक्त उडालेली धूळ ओढू द्या. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा. हेअर ड्रायर नको. हवेला जोर नाही आणि वर उष्णता.

चष्मेवाली:
हवेचा डबा आणणार असाल तर तो उभाच धरा. आत साधी हवा नसते, दाबाखाली द्रव झालेला वायू असतो. डबा आडवा केला की बर्फासारखा गार फवारा बोर्डावर येतो. बऱ्याच डब्यांतला वायू पेट घेणाराही असतो, त्यामुळे लागलीच मशीन चालू करू नका. हे सगळं गॅलरीत, मास्क लावून करा. मी एकदा पलंगाशेजारी बसून केलं होतं, रात्रभर शिंकत होते.

एसएमपीएस मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल इतका चार्ज राहू शकतो. जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

जाळ्यांचे फिल्टर निघत असतील तर नळाखाली धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका.

घिरट्या:
राहिलंच. पंखा काढा म्हटलं, हीटसिंक नव्हे. हीटसिंक उचललात तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावीच लागते. एएमडीचा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असेल (त्याच्या पिना प्रोसेसरलाच असतात) तर वाळलेल्या पेस्टमुळे तो हीटसिंकला चिकटून उपटून येऊ शकतो, मग वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसा.

निळीशाई:
केलं! पंख्याखाली खरंच नमदा होता, स्वयंपाकघरातल्या स्क्रबरएवढा जाड. ब्रश आणि लांब धरलेली नळी, एवढ्यावरच भागलं. जुनाजाणतांचा अर्धा मान राखला.

परत जोडलं तर पंखे फिरतायत आणि स्क्रीन काळी. पोटात गोळाच आला. फोटो ताडून पाहिले, वायरी बरोबर होत्या. शेवटी लक्षात आलं की ब्रश फिरवायला सोपं जावं म्हणून रॅम काढली होती, ती एका टोकाला अर्धवट बसली होती. मशीन परत बंद केलं, वायर काढली आणि दोन्ही बाजूंनी 'टक्' वाजेपर्यंत दाबली. आलं चित्र.

तोच व्हिडिओ, तेच एक्स्पोर्ट, प्रोसेसर ७४ वर. खोलीत आता घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय.

जुनाजाणता:
अर्धा मान पोचला. उद्या माझाही पंखा सोडवून बघतो.