दर्विशांचा 'शो': साधना की तिकीटबारी?

नीलाक्षी
टर्की टूरच्या धाग्यावर जोशीबुवांनी लिहिलंय की कापादोकियातला दर्विशांचा, म्हणजे गोल फिरत साधना करणाऱ्या सूफी फकिरांचा, कार्यक्रम म्हणजे "पांढरे घागरे घालून गोल गोल फिरायचे माणशी पंचवीस युरो", परंपरा वगैरे सब झूट. तिथे दोन ओळी खरडून गप्प बसणार होते, पण राहवलं नाही.

बुवा, तो घागरा म्हणजे कफन. डोक्यावरची उंच नमद्याची टोपी म्हणजे थडग्यावरचा दगड, आणि सुरुवातीला उतरवतात तो काळा झगा म्हणजे कबर. उजवा तळहात वर, डावा खाली. वरून घ्यायचं, खाली देऊन टाकायचं, आपल्याकडे काही ठेवायचं नाही. शिकाऊ माणूस फळीवर ठोकलेला खिळा डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बेचक्यात धरून, फळीवर मीठ टाकून फिरायला शिकतो. पंचवीस युरोंसाठी कोण करेल हे?

आणि रंगमंचावर का आलं ते? १९२५ साली नव्या प्रजासत्ताकाने सूफींचे सगळे तेक्के, म्हणजे मठ, कायद्याने बंद केले. तो कायदा आजही आहे. ज्यांच्या पंथाचे हे दर्विश, त्या सूफी कवी मौलाना रूमींचा कोन्या शहरातला दर्गा १९२७पासून म्युझियम. पन्नासच्या दशकात जाहीरपणे फिरायला मोकळीक मिळाली ती 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणून. कार्यक्रम म्हटल्याशिवाय जे करताच येत नव्हतं, त्याला कार्यक्रम म्हणून हिणवायचं?

जोशीबुवा
व्याख्यानाबद्दल आभार. कायदा मी केलेला नाही. शेजारच्या टेबलावर बिअर होती. सगळं संपल्यावर निवेदकाने दिवे लावून "आता फोटो काढा" म्हटलं आणि त्यातला एकजण पुन्हा येऊन खास कॅमेऱ्यांसाठी फिरला. कफन घालून पोझ देतात का हो?

मालवणी माणूस
बुवा, आमच्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला या कधी. आमचे ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्या नाचवायचे ते देवळात, रात्र रात्र. मी आजोबांच्या मांडीवर झोपून पाहिलंय, म्हणजे निम्मं झोपेतच. आता रिसॉर्टवर अर्धा तास, पाहुणे भजी खात बसलेले. पण तो अर्धा तास नसता तर बाहुल्या पेटाऱ्यातच कुजल्या असत्या. २०२१ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे मुंबईकरांना पिंगुळी सापडली. टर्कीतही उंटाच्या कातड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, कारागोझ, आहेच, २००९पासून युनेस्कोच्या यादीत. तोही पडद्याआडून पाहुण्यांची वाट बघतो.

राष्ट्र_प्रथम
२०२५च्या मे महिन्यात पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी टर्कीची सफरचंदं बंद केली आणि इथे त्यांच्या नाचाचं कौतुक चाललंय. लाज वाटते.

नीलाक्षी
रूमी १२७३ साली वारले. त्यांनी पाकिस्तानला ड्रोन विकलेले नाहीत.

कल्याणच्या काकू
नाच राहू द्या, त्या गालिच्यांच्या दुकानाबद्दल कुणी का बोलत नाही? 'सरकारी केंद्र' म्हणून बस थेट दारात. सफरचंदाचा चहा पाजला, चार पोरांनी गालिचे भिरकावून उलगडले, आणि आमच्या ह्यांनी एक छोटा रेशमी 'हेरेके', म्हणजे तिथल्या हेरेके गावचा नावाजलेला गालिचा, घेतला. दीड लाख. घरी आल्यावर भाचा म्हणतो, मावशी हा चिनी आहे. तेव्हापासून आमच्यात अबोला.

सोलापूरकर
काकू, गालिचा उलटा करा. पाठीवर नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे. मग दशा बघा. दशा म्हणजे ताण्याचीच, उभ्या धाग्यांचीच, टोकं. वरून शिवलेल्या असतील तर विषय संपला. दशीतला एक धागा काढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम, कागदासारखा आला तर व्हिस्कोस, म्हणजे नकली रेशीम. चांगल्या रेशमी हेरेकेत सेंटिमीटरला दहा आडव्या, दहा उभ्या गाठी, म्हणजे चौरस मीटरला दहा लाख. कोपऱ्यात 'हेरेके' विणलंय म्हणून भुलू नका, तेवढी अक्षरं चीनमध्येही विणतात. आमच्या घरात तीन पिढ्या माग होता, त्या दुकानात मला कुणी दुसरा चहा विचारला नाही.

कल्याणच्या काकू
ह्यांनी काडेपेटी लपवून ठेवलीय.

स्टुटगार्टचा पाहुणा
हा गाठी मोजायचा सोस दुकानदारांनी लावलाय. खेड्यातल्या गालिच्यात गाठी कमी, लोकर जाड, आणि अस्सल म्हणायचं तर तोच. तिथेही रासायनिक रंग घुसले होते. १९८१ला पश्चिम टर्कीतल्या आयवाजिकच्या खेड्यांत हाराल्ड ब्योमर या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या मदतीने नैसर्गिक रंगांचा दोबाग प्रकल्प सुरू झाला आणि मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग परत आला. माझ्या शेजारच्या तुर्की आजींच्या हुंड्यातला गालिचा स्वयंपाकघरात अंथरलेला असतो, त्यावर मांजर झोपतं. गाठी कुणी मोजल्या नाहीत.

सोलापूरकर
साहेब, आजींनी तो दीड लाखाला घेतलेला नाही. मी गाठी मोजायला सांगतोय ते अस्सलपणासाठी नव्हे, भावासाठी. विणकराच्या गरिबीचं कौतुक स्टुटगार्टहून करायला सोपं असतं. एका गाठीला काय मिळतं ते विचारा की त्या आजींना.

स्टुटगार्टचा पाहुणा
विचारलंय. त्या सतरा वर्षं इथल्या कारखान्यात होत्या, कारण गाठींवर घर चालत नव्हतं. आणि दोबागचे गालिचेही विकले गेले ते मुख्यतः परदेशात. गिऱ्हाईक बाहेरचं नसतं तर ती मंजिष्ठा कुणी उकळली नसती.

नीलाक्षी
मग मी वर दुसरं काय म्हणतेय!

जोशीबुवा
गालिचा उशाला घेऊन झोपता येतो, ताई. साधनेचं तसं नाही. तरी असो, इतका आग्रहच आहे तर १७ डिसेंबरला, रूमींच्या पुण्यतिथीला, कोन्याला जातो. तिथे बिअर नसेल असं धरून चालतो.

नीलाक्षी
नसेल. तिकीट मात्र असेल, आताच सांगून ठेवते.

जोशीबुवा
वाटलंच.

सोलापूरकर
काकू, निदान पाठीचा फोटो टाका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे गाठी मोजता येतील. काडेपेटीचं नंतर बघू.