इदम्, अहम् आणि पराहम् यांचा अबोध मनाशी नेमका संबंध काय?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवतो आणि बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. करीत आहे. बी.एड.ला असताना फ्रॉइडचा सिद्धांत एका साध्या तक्त्यातून शिकलो होतो: इदम् (id, मूळ इच्छा व प्रेरणा) म्हणजे अबोध मन, अहम् (ego) म्हणजे जागृत मन आणि पराहम् (superego) म्हणजे सदसद्विवेक. आता वाचताना दिसते की अहम्चा आणि पराहम्चाही मोठा भाग अबोध असतो, असे फ्रॉइड स्वतःच म्हणतो. जो भाग विचार करतो, वास्तवाचे भान ठेवतो, तोच अबोध कसा असेल? आणि बोध, बोधपूर्व (आत्ता ध्यानात नसले तरी सहज आठवणारे) व अबोध अशी विभागणी आधीच झालेली असताना ही दुसरी तिहेरी विभागणी करण्याची गरज त्याला का पडली?

दुसरा प्रश्न आपल्या भागातून आलेला आहे. आमच्या घरी मराठी बोलतात, तर बाजारात, बसमध्ये आणि तहसील कचेरीत कन्नड. 'असं करू नये' हा आतला आवाज मला नेहमी मराठीत, बहुधा आजीच्या सुरात ऐकू येतो. पण कागदपत्रांत काही राहून गेले की आतली बोलणी कन्नडमध्ये बसतात. पराहम्च्या कल्पनेत अशा गोष्टीला काही स्थान आहे का, की मी सिद्धांत उगाच ताणतो आहे?

निवृत्त_प्राध्यापक (निपाणी):
तो तक्ता सोयीचा आहे, म्हणूनच तो टिकून राहिला. परंतु 1923 साली फ्रॉइडने नवी रचना मांडली ती नेमकी असा तक्ता अपुरा पडतो म्हणून.

1900 च्या सुमारास स्वप्नांवर लिहिताना आणि पुढे 1915 च्या निबंधांतही त्याची मांडणी बोध आणि अबोध यांच्या सीमेवर उभी होती. जे नकोसे ते दडपले जाते आणि दडपलेले ते अबोध होते, असा तिचा गाभा होता. उपचार करताना मात्र अडचण दिसू लागली. मनात येईल ते न गाळता बोलायचे, असे रुग्णाशी ठरलेले असते. तो बोलत असतो आणि एका ठिकाणी आला की विषय बदलतो, काही सुचत नाही म्हणतो किंवा उपचार करणाऱ्यावरच चिडतो. हा प्रतिकार आपणच करीत आहोत, याचा त्याला पत्ता नसतो. अडवणारी शक्ती दडपलेल्या इच्छेची नव्हे, कारण इच्छा तर बाहेर यायला धडपडत असते. अडवणारा अहम् आहे आणि तो हे काम स्वतःच्याही नकळत करतो. म्हणजे दडपलेले सगळे अबोध असते हे खरे, पण अबोध असलेले सगळे दडपलेले नसते. याच्या जोडीला त्याला असे रुग्ण भेटले, जे बरे होऊ लागले की अधिकच खालावत. त्यांना अपराधी वाटत नसे, फक्त आजारी वाटत असे. त्यामागे अपराधभावच आहे आणि तोही अबोध आहे, असा निष्कर्ष त्याने काढला, तेव्हा पराहम्देखील जाणिवेच्या बाहेर पोचला.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. वाटणीत थोरल्याला पाण्याखालची जमीन मिळाली आणि धाकट्याला माळरान. धाकटा रागावत नाही. उलट थोरल्याची गरजेपेक्षा जास्त काळजी घेऊ लागतो, त्याच्याविषयी कोणी वावगे बोलले तर भांडायला उठतो. आपल्याला राग आहे हे त्याला ठाऊक नाही, आणि त्या रागाचे आपण काळजीत रूपांतर केले आहे हेही ठाऊक नाही. यातले पहिले अज्ञान जुन्या मांडणीत बसत होते. दुसऱ्यासाठी नवी मांडणी लागली. अशा संरक्षण यंत्रणांचा व्यवस्थित अभ्यास पुढे त्याची कन्या ॲना फ्रॉइड हिने 1936 मध्ये केला.

आणखी एक बदल परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. दडपलेल्या लैंगिक ऊर्जेचे चिंतेत रूपांतर होते, असे फ्रॉइड आधी मानत असे. 1926 मध्ये त्याने हा क्रम उलटा केला: धोक्याची सूचना म्हणून अहम् चिंता निर्माण करतो आणि त्यानंतर दमन (म्हणजे नकोशी इच्छा दडपणे) होते. अहम् दुबळा आहे, इदम्, पराहम् आणि बाह्य जग या तीन धन्यांची चाकरी करतो, हे आपण वर्गात शिकवतो. पण ही सूचना देण्याची ताकद त्याच्याकडे आहे, हे सांगायचे राहून जाते. 1933 च्या व्याख्यानांत फ्रॉइडने जी आकृती दिली, तिच्यात पराहम् खाली थेट इदम्पर्यंत उतरलेला आहे आणि भागांमधल्या सीमा काटेकोर समजू नयेत, असेही तो तेथे बजावतो.

समुपदेशक_शहापूर (बेळगाव):
भाषेविषयी लिहिते. तुम्ही सिद्धांत ताणत नाही आहात. पराहम् ऐकलेल्या शब्दांतून घडतो, हे फ्रॉइडने 1923 मध्येच म्हटले आहे. मात्र त्या शब्दांना जोर मिळतो तो इदम्कडून, असे तो लगेच जोडतो. फ्रॉइडचा सहकारी मनोविश्लेषक फेरेन्झी याने 1911 मध्येच दाखवले होते की अश्लील शब्द मातृभाषेत जसा झोंबतो, तसा नंतर शिकलेल्या भाषेत झोंबत नाही. पुढे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या मनोविश्लेषक एडिथ बुक्सबाउम यांनी 1949 मध्ये दुसऱ्या भाषेचा अहम् आणि पराहम्च्या घडणीशी असलेला संबंध तपासला. नवी भाषा ही बालपणीच्या निषेधांपासून दूर राहण्याची सोय होऊ शकते, असे त्यांना आढळले. 1950 मध्ये मनोविश्लेषक राल्फ ग्रीन्सन यांनी अशा एका स्त्रीविषयी लिहिले, जी जर्मन बोलताना स्वतःला घाबरलेले, अस्वच्छ मूल समजे आणि इंग्रजीत सुसंस्कृत प्रौढ स्त्री.

तरीही 'मराठी म्हणजे पराहम् आणि कन्नड म्हणजे अहम्' असे समीकरण कृपया मांडू नका. वरील व्यक्तींनी दुसरी भाषा देशांतरानंतर आत्मसात केली होती. आपल्याकडची मुले गल्लीत खेळतानाच दोन्ही भाषा उचलतात, आणि पहिली दटावणी घरातली असली तरी दुसरी शेजारच्या अक्कांची असते. तुमची कागदपत्रांवरची बोलणी कन्नडमध्ये येतात, यावरून मला इतकेच दिसते की तुमच्या पराहम्मध्ये कचेरी आणि शिक्षकही सामील झालेले आहेत. आईवडिलांच्या जागी पुढे शिक्षक आणि अधिकारी येतात, हे फ्रॉइडलाही मान्य होते.

आजीच्या सुराबद्दल एक गोष्ट: मुलाचा पराहम् आईवडिलांच्या वागण्यावर नव्हे, तर त्यांच्या पराहम्वर बेतलेला असतो, असे 1933 मध्ये तो म्हणतो. म्हणून आजी प्रत्यक्षात मायाळू असली तरी आतला तिचा सूर कठोर असू शकतो. बालकांचे मनोविश्लेषण करणाऱ्या मेलनी क्लाईन आदींच्या निरीक्षणांचा आधार घेत त्याने 1930 मध्ये हेही मान्य केले की पराहम्ची कठोरता पालकांच्या कडकपणाइतकीच असते असे नाही. बाहेर काढता न आलेला स्वतःचाच राग तेथे आत वळतो. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना हे पटवणे सर्वांत अवघड जाते.

शंकेखोर (चिक्कोडी):
धाकट्या भावाचे उदाहरण वाचून माझी जुनी शंका पुन्हा जागी झाली. तो भांडला असता तर इदम् जिंकला म्हटले असते, गप्प बसला असता तर दमन, आणि सेवा केली तर उलट प्रतिक्रिया, म्हणजे आतल्या भावनेच्या नेमके विरुद्ध वागणे. कोणतेही वागणे ज्यात बसते, तो सिद्धांत तपासायचा कसा? विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप नेमका हाच होता. शाळेतल्या मुलांवर हा सिद्धांत लावण्यापूर्वी याचे उत्तर मिळायला हवे.

मलप्रभाकाठ (खानापूर):
दोघांचेही आभार. प्रतिकाराच्या उदाहरणाने माझ्या पहिल्या प्रश्नाची गाठ सुटली. चिक्कोडीच्या मित्रांची शंका मलाही आहे. प्राध्यापक सर, ती टाळून पुढे जाऊ नये असे वाटते.

निवृत्त_प्राध्यापक (निपाणी):
शंका रास्त आहे. पॉपर यांच्या विरोधात तत्त्वज्ञ ॲडॉल्फ ग्रुनबाउम यांनी 1984 मध्ये सांगितले की फ्रॉइडची विधाने तपासता येतात. त्यांचे म्हणणे असे की दिलेला पुरावाच कमकुवत आहे, कारण उपचारकक्षातील रुग्णाच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्याच्या अपेक्षांचा परिणाम होतो. मला हा आक्षेप पॉपर यांच्यापेक्षा अधिक गंभीर वाटतो आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. त्यामुळे शाळेतल्या मुलांवर निदान म्हणून हा सिद्धांत लावू नये, याविषयी आपले एकमत आहे.

पण कोणतेही वागणे त्यात बसते, हे तितकेसे खरे नाही. उलट प्रतिक्रिया म्हणायची तर खुणा दिसाव्या लागतात: काळजी प्रसंगापेक्षा जास्त असते, ती थांबवता येत नाही, कोणी थांबवली तर माणूस अस्वस्थ होतो, आणि अधूनमधून एखाद्या चुकीतून किंवा थट्टेतून मूळचा राग डोकावतो. धाकटा भाऊ थोरल्याला वेळेवर दवाखान्यात नेतो, जमिनीविषयी स्वतःची नाराजीही मोकळेपणाने बोलून दाखवतो आणि रात्री शांत झोपतो, तर तेथे मनोविश्लेषणाला काही काम नाही. त्याचे भावावर प्रेम आहे, इतकेच.