मदत हवी आहे: हरितगृह परिणामाचा खराखुरा प्रयोग वर्गात कसा दाखवावा?

नववीच्या मुलांसाठी प्रयोग बसवतेय. नेहमीचा तुम्हाला माहीत असेलच: दोन बाटल्या, एकीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड, वर दिवा. दुसरीचं तापमान थोडं जास्त चढतं आणि मुलं खूश होतात.

पण मला हे पटत नाही. काच दूरच्या (म्हणजे लांब तरंगलांबीच्या) अवरक्त किरणांना स्वतःच अडवते. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रोमीटरच्या आसपास उष्णता शोषतो, तो भाग काचेतून पार होतच नाही. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली बसून राहतो, अभिसरण मंदावतं. तापमान त्यानेही वाढू शकतं. आरगॉन हा वायू अवरक्त किरणं शोषत नाही, पण त्याचा रेणुभार ४०, कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणजे तिसऱ्या बाटलीत आरगॉन भरला आणि तीही तेवढीच तापली, तर आपण मुलांना भलतंच काहीतरी दाखवतोय!

अमेरिकन संशोधिका युनिस फूट यांनी १८५६ साली अशाच काचेच्या नळ्या उन्हात ठेवल्या होत्या, तो इतिहास सांगणारच आहे. मला शोषण वेगळं काढून दाखवायचंय.

काचेऐवजी दोन्ही टोकांना पातळ पॉलिथिन लावलेली नळी, एका बाजूला गरम काळा पत्रा, दुसऱ्या बाजूला थर्मोपाइल (उष्णतेच्या किरणांनुसार विद्युत दाब देणारा संवेदक), असं कुणी केलंय का? फरक शाळेच्या मल्टिमीटरवर दिसण्याइतका येतो का? साधा थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटरचा असतो, १५ त्याच्या बाहेर राहतो, त्यामुळे त्यावर माझी फारशी भिस्त नाही.